घटना, असल्यास

मे महिन्यात ग्रिम्सबीच्या शाळेत
व्यायामशाळेचं परीक्षागृह होतं
आणि माझा पर्यवेक्षक.
त्याआधी तीस वर्षं मी मासळीच्या लिलावात
वजनं लिहिली. तिथं नियम एकच होता:
काट्यावर बोट टेकायचं नाही.

इथं नियमांचं बाड आहे.
टेबलांमध्ये सव्वा मीटर अंतर.
भिंतीवरचा हाडांचा सापळा तपकिरी कागदाखाली,
कारण त्याच्या प्रत्येक हाडाला नाव आहे.
बाटल्यांची लेबलं सोलायची.
मनगटावरची घड्याळं काढायची, फोन बंद करून
नावाच्या पाकिटात, पाकीट पेटीत.
माझे बूट रबरी तळव्यांचे.
बायको म्हणते, एवढं हळू तर तू
पोरांच्या पाळण्याजवळूनही कधी चालला नाहीस.

सिक्स्थ फॉर्मची मुलं. दाढ्या आलेली,
गाडी चालवणारी, गेल्याच आठवड्यात
पहिलं मत देऊन आलेली.
तरी मी "आता तुम्ही परीक्षेच्या नियमांखाली आहात"
एवढं म्हटलं की पाठी ताठ होतात,
छत हातभर खाली आल्यासारख्या.
फक्त काळी शाई. दाखल्यावरचं नाव, हाकेचं नाही.

आज रसायनशास्त्र, पेपर दुसरा.
आठ बावन्न. तिसरी रांग.
कीली स्टाथर, क्रमांक ४११७,
हाताची मूठ उघडतच नव्हती.
उघडली तेव्हा तळव्यावर निळे आकडे:

७ – दोन पांढऱ्या
१ – अर्धी
४ – पट्टी बदल, दुसरा खांदा
१० – दोन, कुस्करून

मला रसायन येत नाही.
पण माल कुठला आणि घरचं काय,
एवढं तीस वर्षांत कळायला लागतं.
नियमाला मात्र मजकुराशी देणंघेणं नाही.
कातडीवर अक्षर दिसलं की कळवायचं.
मी हात वर केला. हो, आम्हीही हातच वर करतो.

मिसेस पास्क आल्या. बाहेर, बोळात, कीली म्हणाली,
"डॅडचं आहे. वेळा आजपासून बदलल्यात.
नर्सनं दारातच सांगितल्या,
कागद सापडेना, बस सुटत होती."
"धुवायला लागेल," मिसेस पास्क म्हणाल्या,
आवाज शक्य तेवढा मऊ करून.
"मग मला आठवणार कसं?"

याला बाडात उत्तर नाही.
पण माझ्या हातात तक्ता होता. शेवटचा रकाना:
*घटना, असल्यास. संपूर्ण व अचूक लिहावी.*
मी संपूर्ण लिहिली. अचूक लिहिली.
पांढऱ्या, अर्धी, दुसरा खांदा.
"कुस्करून"खाली रेघ होती, तीही ओढली.
मिसेस पास्कनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि सही केली.

मग साबण. बेसिनमध्ये निळं पाणी
जाळीभोवती एक फेरी मारून गेलं.

नऊ ते अकरा. बाहेर सीगल कोकलत होते,
आत फक्त पानं.
कीली मधूनच लिहायची थांबे
आणि रिकाम्या तळव्याकडे बघे.
मी दोनदा तिच्या टेबलावरून गेलो. बघणं माझं काम आहे.
घासून लाल झालेली कातडी, त्यात काही नाही.

पेपर गोळा केले, क्रमांकांनी लावले, मोजले,
पुन्हा मोजले. मग सोडलं.
तक्त्याची प्रत उमेदवाराला देता येत नाही,
असं स्पष्ट लिहिलं आहे.
मोठ्यानं वाचू नये असं कुठेच नाही.
बोळात उभा राहून मी वाचलं,
लिलावात वाचायचो तसं, एकेक आकडा सुटा.
तिनं पेन काढलं. म्हटलं, "कागद देऊ?"
ती हसली, आणि त्याच हातावर लिहीत गेली.

तक्ता आता पाकिटात बंद होऊन
मंडळाकडे जाईल. तिथं कुणी उघडला
तर त्यांनाही वेळा कळतील.

दुपारी फ्रेंच, अकराच उमेदवार.
मी टेबलं सरळ केली, एक लेबल सोललं,
भिंतीवरचं घड्याळ फोनशी ताडून पाहिलं.
एक वाजला होता.
अर्धी, मी म्हणालो. कुणालाच नाही.