उलट जोडणीची तार

सूपनगर म्हणतात तार्तूच्या त्या वस्तीला,
गल्ल्यांची नावंही वाटाणा, बटाटा, घेवडा.
आमचं लाकडी घर वाटाणा गल्लीत.
खाली हेल्दुरकाका, वर आम्ही,
मध्ये अकरा पायऱ्या,
चार वर्षं त्यांच्यावरून एक शब्द
ना चढला, ना उतरला.

कारण? सफरचंदाचं झाड.
काकाने न विचारता कापलं.
का कापलं, ते बाबांनी विचारलं नाही.
झालं.

काकाचा कॉम्प्युटर पिवळा पडलेला, पंख्याला दमा.
आमचा त्याहून थकलेला, शाळेने मोडीत काढलेला,
मागे अजून चिकटलेली चिठ्ठी: वर्ग सहा, खिडकीजवळ.
इंटरनेट फक्त खाली.
त्या जानेवारीत नदी पुलाखालीसुद्धा गोठली
आणि काका मला जिन्यात म्हणाला,
"त्रीनु, एका बिलात दोन घरं भागतील. वरच्याला सांग."
बाबा म्हणाले, "खालच्याला सांग, अर्धे पैसे देईन."
मी पंधरा वर्षांची. निरोप्याचं काम अंगवळणी पडलेलं.

वीस मीटर तार आणली, दोन टोपणं, उसना चिमटा.
आठ बारीक तारा, चार रंगांच्या जोड्या.
सरळ जोडली तर उपयोग नाही,
दोघांचं तोंड तोंडाला लागतं, कान कानाला,
दोघंही बोलत राहतात, ऐकत कोणीच नाही.
म्हणून एका टोकाला नारिंगीच्या जागी हिरवी,
हिरवीच्या जागी नारिंगी.
याचं बोलणं त्याच्या ऐकण्यात.
(आताची यंत्रं हे आपलं आपण ओळखतात.
तेव्हा ते कोणीतरी हाताने करावं लागे.)
तीन टोपणं वाया गेली. अंगठ्याला चिमटा बसला.
जिन्याच्या कडेने तार खिळवताना
दोन्ही दारं बोटभर उघडी होती.

मग आकडे. शेवटी एक खालच्याला, दोन आपल्याला.
"आपण दोन का?" बाबांनी विचारलं.
"इंटरनेट ज्याच्याकडे, तो एक. यंत्रच ठरवतं."
"म्हणजे हेल्दुर यंत्रालाही आधीच भेटलाय."
गटाचं नाव मात्र दोन्हीकडे एकच लागतं,
अक्षर न् अक्षर तेच.
आडनाव घालायचा धीर झाला नाही.
मी 'वाटाणा' घातलं. कोणी हरकत घेतली नाही.

काळ्या पडद्यावर हाक मारून पाहिली.
पहिल्यांदा चारही हाका वाया. टोपण सैल होतं.
दाबून बसवलं. पुन्हा.
चार हाका, चार ओ.
मी जिन्याच्या मध्यावर जाऊन ओरडले, "लागलं!"
वरून खुर्ची सरकली. खाली कोणीतरी खाकरलं.

एक फोल्डर दोघांसाठी उघडा ठेवला होता.
दोन आठवडे त्यात फक्त माझी इतिहासाची वही.
मग एके सकाळी खालून एक चित्र आलेलं:
लाकूडतोड्याची पावती, स्कॅन केलेली, तिरकी.
तारीख. रक्कम. आणि खाली पेनाने,
खोड आतून पूर्ण पोकळ, छपरावर पडलं असतं.
बाबांनी ते मोठं करून पाहिलं.
मग आणखी मोठं, नुसते करडे चौकोन दिसेपर्यंत.
चहा गार झाला.
संध्याकाळी फोल्डरमध्ये दुसरी फाइल होती.
आत काहीच नाही, शून्य बाइट.
नाव होतं 'बरं'.

काका नऊला झोपणारा, विजेचा हिशेब ठेवणारा,
टोस्टरचीसुद्धा पिन काढून ठेवणारा.
आणि वरचं इंटरनेट चालायचं तर
खालचा कॉम्प्युटर जागा हवा.
हे मी त्याला सांगायचं विसरले होते,
बाबांना तर नाहीच.
बाबा रात्री जहाजांच्या इंजिनांची पुस्तकं भाषांतरित करायचे,
शब्द शोधत, दीड-दोनपर्यंत.
एकदाही मध्येच तुटलं नाही.

फेब्रुवारीत एका रात्री पाणी प्यायला उठले.
बाबांनी काम मिटलं, दिवा मालवला,
आणि मोज्यातल्या टाचेने
जमिनीवर दोनदा ठोकलं, हळू,
सवयीचं असल्यासारखं.

खाली पंखा आणखी क्षणभर धापला,
मग थांबला.