अंगणातली नाव

नागपूरच्या माणसाचा फोन आला तेव्हा मी
जैरामभाऊंच्या डिझेल पंपाचं नोझल साफ करत होतो.
म्हणाला, पाण्यावरची स्कूटर आहे, रिसॉर्ट बंद पडलं,
तीन सीटची, इंजिन जाम.
तुम्ही मेकॅनिक, तुम्हाला स्वस्तात पडेल.

स्वस्त म्हणजे किती ते मी घरी दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा थोडं कमी करून.

इंदुकला म्हणाली, आधी बसून तर पाहू.
कुठे बसून?
तिनं चुन्याचा डबा काढला, मी टेप.

अकरा फूट लांब, चार फूट रुंद,
तुळशीपासून हातपंपापर्यंत पहिली नाव आखली.
पुढे मी, मग रुचिर, मग पौर्णिमा.
तोंडानं भुर्रर्र केलं, कोंबड्या पळाल्या,
पौर्णिमा म्हणे अजून जोरात, अजून.
मागे वळून पाहिलं
तर इंदुकला पायरीवर तांदूळ निवडत होती.
तू?
मी पाहते ना काठावरून, म्हणाली.
आणि खडा उचलून टाकला, माझ्या बाजूला नाही,
पण टाकला.

शिंगाड्याच्या वेली इंजिनात अडकतील,
हे मला तेव्हा आठवलं.
पेट्रोलचं गणितही तेव्हाच आठवलं,
आणि पाळीपलीकडच्या बांधीतली सारसाची जोडी,
जी सायकलच्या घंटीलाही मान वर करते.
हे सगळं मला आधीपासून माहीत होतं.

दुसरी नाव प्लास्टिकची, दोन वल्ह्यांची,
इतकी अरुंद की आखतानाच हसू आलं.
तिसरी हवेची. पायानं पंप मारा, घडी करा,
पलंगाखाली ठेवा.
पलंगाखाली उंदीर आहेत, रुचिर म्हणाला,
आणि ती नाव तिथेच बुडाली.

चौथी फायबरची, सपाट बुडाची, चौदा फूट.
तुळस नावेत आली. येऊ दे.
आता सगळे बसलो. इंदुकला मधोमध,
सूप मांडीवर घेऊनच.
कोणी काही बोलेना.
दुपारचं ऊन होतं, चुना पायाला लागत होता,
आणि खरंच थोडं हलल्यासारखं वाटलं.

बावा खाटेवरून हे सगळं पाहत होता.
साठ वर्षं पाण्यावर काढलेला माणूस.
त्याचा डोंगा मागच्या वाडीत पालथा आहे,
त्याखाली कोंबडी अंडी घालते.

"मासोऱ्या धरनार का?"
नाही बावा.
"शिंगाडे आननार?"
नाही.
"त मंग पान्यावर जाऊन करनार का?"

मी म्हणालो, फिरणार. नुसतं.
पौर्णिमा म्हणाली, भजी खाणार.
त्यानं दोन्ही उत्तरं बराच वेळ चघळली.

मग उठला. काठी खाटेलाच राहिली.
चुन्याची रेघ पुसू नये म्हणून
पाय उंच उचलून आत आला,
जसं खरोखरच्या काठावरून उतरावं,
आणि सवयीनं सगळ्यात मागे उभा राहिला,
तोंड आमच्याकडे, गुडघे किंचित वाकलेले.
बस ना बावा, इंदुकला म्हणाली. चालवायला हा आहे.

बसला.
आयुष्यात पहिल्यांदा नावेत बसला, काम नसताना.
एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे.
जाळ्याच्या गाठींनी वाकडी झालेली बोटं
धोतरावर ठेवली, उचलली,
काठावर ठेवली, काठ नव्हता.

"जारं नाई," तो म्हणाला, "वेरू नाई.
मी हात कोठी ठेवू गा?"

रुचिरनं त्याच्याकडे सूप सरकवलं.
तो तांदूळ निवडू लागला.
नागपूरचा फोन पुन्हा वाजत होता,
आत, कपाटावर.
नावेतून उतरायचं कोणाच्याच मनात नव्हतं.