चार आकडे

दुपारी सव्वादोनला फोन.
"ताई, लिंबाजी बोलतोय, गॅसवाला.
वारज्याला आलोय. कोड सांगा."

वारज्याचं ते घर सोडून मला सात महिने झाले.
पुस्तकं आणली, डबे आणले,
बिडाची कढई मागायची राहिली,
आणि गॅसच्या कार्डावर
माझा नंबर राहिला तो राहिलाच.

म्हणजे सारंगच्या घरातला जाळ
या क्षणी माझ्या मोबाईलमध्ये आहे.
नाही सांगितला तर आज खिचडी नाही,
उद्या चहा नाही,
आणि गिझर बंद.
मे महिन्यातही कढत पाणी लागणारा माणूस,
बसू दे कुडकुडत.

म्हात्रे पुलाच्या सिग्नलला, आकडे उलटे पळत असताना,
तो म्हणाला होता, "माझं आता मन लागत नाही गं."
हेल्मेट न काढता.
पुण्यात कोण घालतं हेल्मेट?
त्याने नेमकं त्या दिवशी घातलं होतं.
मी मागे बसलेले, मला त्याच्या काचेत
माझंच तोंड दिसलं नाही धड.
राग एवढ्याचाच आहे, असं मी सगळ्यांना सांगते.
बाकीचा घेऊन रोज पहाटे वेताळ टेकडी चढते.
माझं चार किलो वजन उतरलं.
त्याचं नाही.

"ताई?"

"तीन. आठ. शून्य. एक."
"चुकीचा म्हणतंय."
मग मला त्याची धाप ऐकू आली.
आज गुरुवार. लाइट नाही, म्हणजे लिफ्ट नाही,
म्हणजे चौथ्या मजल्यापर्यंत खांद्यावरून.
मागे सेफ्टी डोअर करकरलं,
तेल घाल तेल घाल म्हणून मी थकले होते, तेच दार.
"साहेब आलेत. देऊ का त्यांना फोन?"

"नको."

सात. सात. दोन. सहा.

"झालं ताई."
"लिंबाजी, पाणी पिऊन जा.
आत माठ आहे. मागून घ्या हक्कानं.
माठ माझा आहे."

फोन ठेवला. मेसेज आला:
आपला सिलिंडर पोहोचला, धन्यवाद.

उद्या एजन्सीत जाऊन नंबर काढून टाकीन.
उद्या नाही जमलं तर सोमवारी.
एक सिलिंडर त्याला
साधारण अडीच महिने जातो.