वर्षाला एक मिलिमीटर

माझ्या हातात कागद होता. त्यावर ओळीने:
साडेनऊ, शेवाळाची ओळख.
दहा, कीटक खाणाऱ्या वनस्पती.
पावणेअकरा, खाऊ.
वाइकेने तो घेतला, वाचला,
आणि कुणाचंसं नाक पुसायला दिला.

पार्नूच्या वरच्या अंगाला, दलदलीवर टाकलेल्या फळ्यांवरून
अकरा पोरं चालली होती, सगळ्यात थोरलं सात वर्षांचं.
मी मागे. मोजत. अकरा. पुन्हा अकरा.
टालिनच्या चौथ्या मजल्यावर वाढलेली मी.
पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, तळ दिसत नव्हता,
आणि शिबिराचे अजून नऊ दिवस होते.

"हात लावा," वाइके म्हणाली. एवढाच तिचा धडा.
मिर्टेलने मूठभर शेवाळ उपटलं, पिळलं.
कोपरापर्यंत ओघळ आले. पुन्हा पिळलं. अजून होतंच.
"संपत का नाही?"
वाइके काही बोलली नाही,
तीही एक मूठ पिळत होती.

मग फळीवर पालथं पडून दवबिंदू पाहिला:
नखाएवढं पान, त्याला लाल केस,
केसागणिक एक चिकट थेंब,
आणि त्यात एक डास, एक पाय अजून हलवणारा.
सोडवू या, तानेल म्हणाला.
मग ते झाड काय खाणार, योहाना म्हणाली.
दोन तट पडले. ढकलाढकली झाली.
कुणी मला विचारलं नाही ते बरंच झालं.
भांडण मिटेस्तोवर पाय हलायचा थांबला होता.
तानेलच्या मनगटावर दुसरा डास बसला.
त्याने तो मारला नाही.
बसू दिला, पोट लाल होऊन जड उडेपर्यंत.

खाऊनंतर सळई. एकीला दुसरी जोडत
सगळ्यांनी मिळून दाबली. जातच राहिली.
सात मीटरवर खाली काहीतरी कडक लागलं,
ते बावीस तळव्यांना एकदम कळलं.
"हे सगळं शेवाळच," वाइके म्हणाली,
"वर्षाला एक मिलिमीटर वाढलेलं."
आणि एकेकाला सळईशेजारी उभं केलं.
मिर्टेल अकराशे साठ वर्षं.
तानेल बाराशे दहा. टाचा उचललेल्या सापडल्या,
दहा वजा.
एंडेल एक हजार चाळीस.

एंडेलला ते फार कमी वाटलं.
तो फळीवरून खाली उतरला,
नीट मोजायला.

मी उडी मारली हे मला नंतर कळलं.
पाणी मांड्यांपर्यंत आलं, बखोट हाती आलं,
मी ओढलं, दलदलीने ओढलं,
आणि तिने सोडताना असा काही आवाज काढला
की रडायला तोंड उघडलेला एंडेल
तसाच हसला.
पाय आला. बूट आला नाही.

आम्ही शोधला. फळीवर आडवे पडून,
बाही खांद्यापर्यंत ओली.
वर कोमट, हातभर खाली गार,
त्याखाली इतकं गार की बोटं माझी राहिली नाहीत.
काहीतरी गुळगुळीत लागलं, मूळ असेल.
मऊसं काही लागलं, त्याला नाव नव्हतं.
बूट नव्हता.
"चल आता," वाइके म्हणाली, दोनदा.
मी हात काढत नव्हते.

परतताना एंडेलच्या एका पायात पिवळा बूट,
दुसऱ्यात त्याच्या मोज्यावर माझा मोजा.
मी मोजायचं विसरले. योहानाने मोजलं. अकरा.

संध्याकाळी गाडीपाशी त्याची आई.
"दुसरा कुठाय?"
"ठेवलाय."
"कुठे ठेवलायस?"
एंडेलने गुडघ्यापाशी हात धरून पाहिला,
मनात काही हिशेब केला.
"तीनशेत," म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिलं.
माझी नखं काळी होती, केसांत शेवाळ.
"आतून नाव लिहिलंय ना त्याच्यावर?" मी विचारलं.
"हो, पक्क्या शाईने."
"मग हरकत नाही," मी म्हणाले.