तिसरा रकाना

शाळेच्या रिकाम्या वर्गात बाकं जोडून
आम्ही हाडं मांडली आहेत. खाली व्होरोतान नदी वाजते.
फळ्यावर कुणाचा तरी सातचा पाढा आहे,
नाझेली तो पुसू देत नाही.

वहीत रकाने तीन.
मेंढी. शेळी. तिसऱ्याला
मथळा द्यायला माझा हात धजत नाही.

खुराचं हाड सोपं. तळ सुरीच्या पात्यासारखा अरुंद, तर शेळी.
पसरट, बसका, तर मेंढी.
पुढच्या पायाच्या नळीला खालच्या टोकाशी कॅलिपर लावायचा,
कडेचं माप भागिले मधल्या कण्याचं.
त्रेसष्ट टक्क्यांच्या आत शेळी, वर मेंढी,
आणि नेमके त्रेसष्ट आले
की नाझेली खिडकीबाहेर बघत बसते.
शिंगाचा गाभा मिळाला तर नशीब.
मिळतात बरगड्या. बरगडी कुणाचंच नाव घेत नाही.

मुकुच दूध घेऊन येतो. जन्मभर कळप राखलेला.
विचारलं, तिन्हीसांजेला लांबून कसं ओळखता?
"शेपटी वर, शेळी. शेपटी खाली, मेंढी.
त्यात शिकायचं काय?"
मग बाकांकडे बघून, जरा ओशाळून,
"यांच्या शेपट्या कुठं गेल्या?"
नाझेली इतकी हसली की बरगड्यांवर दूध सांडलं.

पाच हजार वर्षांपूर्वी याच उतारावर
एका बाईनं हा सांधा कापला.
(बाई हे मीच ठरवलंय. रेघांवरून तेही कळत नाही.)
रेघा तीन, तिसरी वाकडी,
धार गेली असेल, किंवा कुणी हाक मारली असेल.
तिला ठाऊक होतं कोण आहे ते,
कानावरचा ठिपका, कुंपण ओलांडायची खोड.
ते गेलं जिवानिशी,
आणि खाणारा वातडच म्हणाला असणार.

आज दुपारी चुलीच्या राखेतून हे घोट्याचं हाड निघालं.
मी खूश. घोटा बोलतो.
आतल्या बाजूचा उंचवटा पुढे आला असेल तर मेंढी.
बोट फिरवलं. उंचवटाच नाही.
दोन्ही अंगं दगडावर घासून सपाट केलेली,
टाकलं की नीट उभं राहावं म्हणून,
आणि मग किती वर्षं मुठीत राहून
साबणाच्या चिपेसारखं गुळगुळीत.
कुणा पोरानं
नेमका माझा पुरावा खेळून संपवला.

मुकुचनं हात पुढे केला.
"आमच्याकडे पोतंभर असायचे हे.
थोरल्या भावानं सगळे जिंकून नेले."
हातमोज्यांचा नियम आहे. मी बोलले नाही.
त्यानं टाकलं. बाकावर दोनदा उलटून
ते कडेवर उभं राहिलं,
आणि म्हातारा जागच्या जागी उडालाच.

"कुणाचं आहे?" मी विचारलं.
"माझं," तो म्हणाला.

क्रमांक चार हजार एकशे बारा. रकाना तिसरा.
शेरा: दोन्ही बाजू घासलेल्या. उभं राहतं.