घसारा

पहिली नोकरी पिग्मीची.
संध्याकाळी सातला शहापुरातून सायकल,
हँडलला रेक्झिनची पिशवी,
मागवाल्यांकडून पाच, केळीवालीकडून दोन,
सलूनवाल्या मल्लाप्पाचं रोज एकच: उद्या ये की रे.
पावत्या कन्नडात, शिव्या मराठीत,
बेरीज मात्र दोन्हीत सारखीच यायची.
तेवढ्यावर मी भाळलो.

मग पोस्टाने आलेली पुस्तकं, कॉस्टिंगचे पेपर,
तीनदा नापास. चौथ्यांदा
निकालाचा फोन हुंदरे कंपाउंडरच्या टेबलावर घेतला
आणि थेट इंफाळ.
तिथे कळलं, विमान इंधनावर उडत नाही,
बिलावर उडतं.
उतरायचे इतके, उभं राहायचे इतके,
रात्रीचा मुक्काम झाला तर वेगळे.
आई फोनवर हसली:
तुझी चांगू मावशी पाहुण्याला असंच मोजते, मनात.

भोपाळ. कोलकाता. अमृतसर.
दर बदलीत खुर्चीची पाठ चार बोटं उंच होत गेली,
खिडकी धावपट्टीपासून लांब.
मंगळूरला येईतो ती पार्किंगवर उघडायची.
विमानं मी कागदावरच ऐकायचो.

अठ्ठावीस वर्षांनी ऑर्डर आली: सांबरा.
वित्त विभागप्रमुख.

पहिली सही कशावर केली सांगू?
जुन्या नावाच्या लेटरहेडांवर. सोळा गठ्ठे.
गावाचं नाव बदललेलं,
उरलेले कागद निर्लेखित करायचे होते.
स्टोअरची निंगव्वा म्हणाली,
सर, पाठीमागनं कोरे आहेत की.
अजूनही आमची कच्ची गणितं
बेळगावच्या पाठीवर होतात.

मार्चअखेर. मालमत्तेचं रजिस्टर.
धावपट्टी, घसारा. टर्मिनल, घसारा.
सामानाचा पट्टा, आगीची गाडी,
व्हीआयपी खोलीतला सोफा
(घसारा, आणि उंदीर).
दरवर्षी सगळं थोडं थोडं उतरत जातं
सरळ रेषेत, माझ्या केसांसारखं.

ओळ एकशे बारा. जमीन.
दोन एकर चार गुंठे.
मूळ मालक: चांगूबाई भरमा धामणेकर.
रक्कम त्या वर्षीच्या दराची. तशीच.
पुढचा रकाना रिकामा.

सौंदत्तीची नवी ट्रेनी विचारते,
सर, इथं भरायचं राहिलंय काय?
नाही गं. जमिनीला घसारा नसतो.
ती झिजत नाही असं धरून चालायचं.
हा नियम मी तीन परीक्षांत लिहिलाय.
मोठ्याने म्हणायची वेळ
आली नव्हती.

मावशी आता मुतग्याला, लेकाकडे.
रविवारी गेलो. चहा, चिरमुरे.
सांगितलं, तुझं नाव आहे अजून आमच्या पुस्तकात.
त्याचं तिला काही वाटलं नाही.
म्हणाली, आणि गवत?
गवताचा लिलाव होतो काय अजून?

होतो. कुंपणाच्या आतलं गवत, रीतसर निविदा,
बिगर-उड्डाण उत्पन्न, उपशीर्ष सात.
कितीला गेलं यंदा?
आकडा सांगितला.
तिने पेरांवर काहीतरी केलं, बराच वेळ,
ओठ हलत होते.
मग म्हणाली, बुडालास की रे.
वरच्या अंगाला पाणी धरतं तिथं.
दोन कापण्या निघतात.

इंफाळपासून आजवर
माझ्या हिशेबात एवढी मोठी चूक
कुणी इतक्या कमी शब्दांत काढली नव्हती.

सोमवारी फाईलवर शेरा मारला:
पुढील वर्षी गवताची मूळ किंमत वाढवावी.
कारण: स्थानिक चौकशी.

ऑडिटचा प्रश्न आलाय,
चौकशी कोणाकडे केली, त्यांचं पद काय.
कागद पेपरवेटखाली आहे.
दीडचं हैदराबाद उतरताना
तो एका कोपऱ्याने हलतो.