कडी

कोपरीच्या या गोरखचिंचेचा घेर
मी तीनदा मोजला, तीन आकडे आले.
शिंप्याची टेप पुरेना म्हणून पदराची जोड दिली,
पदर संपला तिथून पुढे वितीने.
पुस्तकात ‘सुमारे’ लिहीन.
या धंद्यात ‘सुमारे’ हाच प्रामाणिक शब्द.

पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं,
झाडं साक्षीदार असतात.
दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलं आणि खोडलं.
साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते.
याला काय विचारणार?
रात्री एक पांढरं फूल उघडतं,
वटवाघूळ येऊन जातं,
उजाडल्यावर तेच फूल रिक्षाच्या चाकाखाली.
एवढंच याचं दफ्तर.

बाकी दफ्तर सरकारी.
मिठाच्या खात्याची वही, कसर लागलेली,
पान उलटलं की बोटांना भुसा.

“मिठागराचे वाटेवरील विलायती झाड.
लाकूड निकामी, जळणासही नालायक.
सबब हद्दीची खूण म्हणोन राहू द्यावे.
खोडास लोखंडी कडी ठोकविली
इन्स्पेक्टर साहेबांचे घोड्याकरिता.
खर्च सहा आणे.”

त्या सहा आण्यांवर मी आठ पानं लिहिली.
बी कुणाच्या गलबतातून आलं,
फिरंग्याच्या की हबशी खलाशाच्या कमरेच्या पुरचुंडीतून,
निकामी असल्यामुळे जगलेल्यांचा इतिहास वगैरे.
चांगली उतरली होती.

कडी अजून आहे.
नव्वद सालच्या फोटोत चार बोटं बाहेर दिसते,
आता नखाएवढी.
साल दोन्ही बाजूंनी तिच्यावर येते आहे,
घाई नाही.

भागीबाई नाखवा समोर सुक्या बोंबलांची पाटी लावते.
महिनाभर माझी टेप, माझा पदर, माझी वही
नुसती बघत होती.
“काय लिवतेस गो बाय?”
मी वाचून दाखवलं. कडी. घोडा. सहा आणे.
“घोरा कुठला? मान्सा बांदायचे.
माज्या आज्याच्या बापाला बांदलेला, दोन दिस.
धोतराच्या सोग्यान मूठभर मीठ गावला.
त्याच्याच आगरातला.”

पुरावा?
शब्द मी तोंडातून काढला नव्हता,
पण तिला ऐकू गेला.
तिने पाटीवरची माशी हाकलली.

घरी येऊन टीप लिहिली, क्रमांक एकवीस:
‘स्थानिक आठवण. कागदोपत्री आधार नाही.’

रात्री झोप लागेना.
कडी माझ्या टाळूच्या पातळीला आहे.
झाड रुंद होत जातं,
खोडात ठोकलेलं वर चढत नाही.
रस्ता मात्र थरावर थर घेत हातभर उचलला गेला.
म्हणजे तेव्हा ती याहून हातभर उंच.
घोडा इतक्या वर कोण बांधतं?

सकाळी पुन्हा गेले, तर
महापालिकेचा गणना करणारा मुलगा
पत्र्याचा बिल्ला ठोकत होता, कडीपासून वीतभर.
“देशी की विदेशी?” स्वतःलाच विचारून
विदेशीवर खूण केली.
म्हटलं, अरे, चारशे वर्षं होत आली.
“मॅडम, खाने दोनच आहेत.”

भागीबाईने पडलेलं फळ दगडावर फोडलं,
आतला पांढरा, भुसभुशीत, आंबट गर माझ्या तळहातावर ठेवला,
आणि पिशवीतून मिठाचा पुडा काढला.
वीस रुपये, सर्व कर धरून.
“लाव गो, नायतर दात आंबतील.”

तेवढ्यात प्रकाशकांचा फोन.
प्रकरण छान झालंय म्हणाले,
फक्त ती एकवीस नंबरची टीप, काढू या का,
ओघ तुटतो.

माझ्या तोंडात बी होती, मीठ होतं.
मी बोलले,
पण त्यांना ते कळलं नसावं.